बरणीतलं निळं पाणी

ती बरणी अजून डोळ्यापुढनं हालत न्हाय.

निजामाचं राज जाऊन थोडीच वर्सं झाली हुती. उमरग्याच्या ठाण्यात तवा बाई शिपाई नव्हती. मी झाडलोट करायची, अन् बाईची झडती असली की फौजदारसाहेब मलाच पुढं घालायचे.

टेलिफोनची तांब्याची तार चोरीला गेली. खबऱ्यानं एका मुसलमान कलईवाल्याचं घर दावलं. झडतीत त्याच्या बीबीच्या कमरेला तांब्याच्या चुऱ्याचं गाठोडं मलाच गावलं. पंचनाम्यावर म्या अंगठा दिला. चिनीमातीची एक बरणी बी जप्त झाली, आत निळं पाणी अन् बैलाच्या खुराच्या जुन्या लोखंडी नाला.

दुसऱ्या दिशी चौकशीत कलईवाला म्हणला, "साहेब, चोरी न्हाय. ट्रकवाले हैदराबादकडनं हिरवा दगड आणत्यात. ब्याटरीच्या तेजाबात घातला की त्यातलं तांबं पाण्यात उतरतं. मग लोखंड टाकायचं, तांबं त्याच्यावर चढतं. बरणीत बघा की."

जमादार हसला. "मग मियाँ, ह्या बेडीवर सोनं चढव."

बरणी मागिवली. ती कोरडी ठक्क. सकाळी साहेब यायच्या आत मुद्देमालाची खोली साफ करायची माझी रीत. पाणी म्या मोरीत ओतलेलं. नालांवरचा तांबडा थर जंग समजून राखंनं घासलेला.

"पाणी कुठंय रं?" साहेबांनी त्यालाच इचारलं.

मी दाराआड हुते. नोकरी जाईल म्हणून बोलले न्हाय. तो खोटा ठरला. मग त्याचं कुणी ऐकंना. आतनं मारल्याचा आवाज यायचा, मी अंगण झाडायची.

बीबी भाकर घेऊन फाटकाशी बसायची. "बाई, बरणी कुठं हाय वो?"

"मला काय ठावं."

चौथ्या दिशी म्या झाडू खाली टाकला. साहेबांच्या पायाशी जाऊन, पाणी म्याच ओतलं म्हणून सांगितलं. मग त्यांनी कलईवाल्याच्या अंगणातला हिरवा दगड आणला, ग्यारेजातनं तेजाब आणलं. पाणी निळं झाल्यावर जमादारानं नाल बुडिवली. बघता बघता ती तांबडी झाली. कुणी हसलं न्हाय.

त्याला सोडलं. उजव्या हाताची दोन बोटं मोडली हुती. कलईचा बोळा त्याच हातानं फिरवायचा.

बीबीला समदं कळलं हुतं. जाताना तिनं एकदाच माझ्याकडं बघितलं. "त्याच दिशी बोलली असतीस तर हात ऱ्हायला असता."

नोकरी माझी ऱ्हायली. लई वर्सं केली. पर ठाण्यातलं कुठलंबी भांडं, 'ह्यात काय हाय' असं इचारल्याबगर परत धुतलं न्हाय.