क्लेमेंटीत हिमस्खलनाचा धोका

सबंध सिंगापुरात हिमस्खलनाच्या धास्तीत जगणारा माणूस एकच आहे, आणि तो माझा आतेभाऊ आहे. राहतो क्लेमेंटीत, नोकरी बुओना व्हिस्टाला, शर्ट बाराही महिने घामाने पाठीला चिकटलेला. पण सकाळी चहाबरोबर हा जपान-कॅनडातल्या डोंगरांचे धोक्याचे इशारे वाचतो आणि वाऱ्याने कुठल्या कड्यावर बर्फ साचवला असेल, या काळजीत ऑफिसला जातो. घरमालकाच्या जुन्या फ्रीजमध्ये बर्फ धरला की केकच्या सुरीने त्याचा उभा छेद घेतो. "कमकुवत थर सापडला!" असं त्याने एकदा जाहीर केलं, तेव्हा वहिनी शांतपणे म्हणाली, "त्याच्याखाली माझे मटार आहेत, तेवढे काढून दे." हॉकर सेंटरला आइस कचांग मागवला तर खात नाही. किसलेल्या बर्फाच्या त्या रंगीत ढिगावर चमच्याने थापट्या मारत बसतो. तळातल्या मक्याच्या दाण्यांवरून वरचा भाग घसरला की म्हणतो, "बघ. वर घट्ट थर, खाली मोकळे दाणे. माणसं जातात ती अशीच." तोवर दुकानदार ओरडतो, "मेल्ट ऑलरेडी, लाह!"

खरा बर्फ मात्र त्याने कधी पाहिला नव्हता. होक्काइदोतला एक डोंगर त्याने नकाशावर वर्षानुवर्षं पाठ केला होता. त्याच्या माथ्यावर एकदा उभं राहायचं, एवढीच हौस. गेल्या हिवाळ्यात रजा साठवून, मला बरोबर घेऊन, तो तिथे पोचला. मूठभर बर्फ हातात घेऊन नुसता हसत राहिला. मग पायथ्याजवळच्या एका लहानशा, बिनधोक चढावर खड्डा खणला, बर्फाचा एक चौकोनी खांब मोकळा केला, त्यावर फावडं आडवं ठेवून मनगटातून हलक्या थापा मारल्या. खांबाचा वरचा भाग ड्रॉवर उघडावा तसा अलगद बाहेर सरकला.

त्याने फटीत बोट घालून खालचे मोकळे दाणे चाचपले.

"चल, परत जाऊ," म्हणाला.

"अरे, इतक्या लांब आलोय! निदान अर्ध्यापर्यंत तरी?"

"आज नाही."

आमच्यादेखत दुसरे चौघे वर गेले, माथ्यावर फोटो काढून हसत खाली उतरले. काहीही कोसळलं नाही. मला त्याच्याकडे बघवेना. तो मात्र त्यांच्यातला शेवटचा माणूस खाली येईपर्यंत कुडकुडत उभा राहिला आणि म्हणाला, "बरं झालं, आले सगळे."

इथल्या मराठी मंडळींत आता त्याची यावरून भरपूर थट्टा होते. मीही हसतो. परवा माझी मुलगी मैत्रिणींबरोबर बर्फातल्या डोंगरांत जायचं म्हणाली. मी म्हटलं, "काकाला विचार. तो हो म्हणाला तर जा."

"बट काका विल से नो, लाह!"

"म्हणू दे. स्वतःला नाही म्हणताना मी पाहिलंय त्याला."