काकीचे आतले फोटो

आमच्या लालबागच्या चाळीत कोणाचंही काही दुखलं की शेजारच्या काकीचा पहिला प्रश्न असे, "फोटो काढला?" एक्सरे, सोनोग्राफी, एमआरआय, सगळ्याला ती फोटोच म्हणायची. डॉक्टरने नुसतं तपासून गोळ्या दिल्या तर तिच्या लेखी तो डॉक्टरच नव्हे. "आतलं बाहेरून कळतं होय रे?" असं म्हणून माणसाला उठवायची आणि स्वतः परळच्या हॉस्पिटलपर्यंत सोबत जायची. माझ्या साध्या डोकेदुखीसाठीही तिने मला सीटी स्कॅन करायला लावलं. डोक्यात काही निघालं नाही, त्यावरून मित्रांनी मला बरेच दिवस छळलं.

तिला हसणं सोपं होतं. पण काका गिरणीतून येऊन पोट धरून बसायचे तेव्हा डॉक्टर पित्ताच्या गोळ्या देत राहिले, आणि कळलं तेव्हा उशीर झाला होता. "ह्यांचा एक फोटो काढला असता तर..." एवढंच काकी म्हणायची. म्हणून तिला कोणी उलट बोलत नसे.

काकीला फुगडीचं भारी वेड. दर गणपतीला मालवणजवळच्या गावी जायची आणि गौरीपुढे घरच्या सुनांना दमवून सोडायची. एकदा पाण्याची कळशी उचलताना तिची कंबर धरली. नेहमीचे डॉक्टर म्हणाले, थोड्या दिवसांत जाईल, फोटोची गरज नाही. काकीने लगेच दुसरा डॉक्टर गाठला आणि एमआरआय काढला. मणक्याच्या चकत्या झिजल्यात, असं रिपोर्टात आलं. दुखणं खरोखरच पंधरवड्यात गेलं, रिपोर्ट मात्र राहिला. काकी जमिनीवर बसेना, वाकेना. कमरेला पट्टा बांधून दिवसभर खुर्चीत. ओळीने तीन गणपती ती गावी गेली नाही. "मणका गेलाय माझा," ती सांगायची. मला तिचा राग यायचा आणि वाईटही वाटायचं.

मग एका लग्नासाठी गावाहून तिची थोरली बहीण आली. जमिनीवरून उठताना "आई गो" म्हणत तिने कमरेवर हात ठेवला मात्र, दुसऱ्या दिवशी काकीने तिला मशीनमध्ये झोपवलं. दोघींचे फोटो घेऊन आम्ही हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी दोन्ही फोटो शेजारी लावले.

"काकी, या वयात बहुतेकांचे मणके असेच दिसतात. केस पिकतात ना, तसं. यांचे तर तुमच्यापेक्षा जास्त झिजलेत. आजी, घरी काय कामं करता?"

"भाताची लावणी करतंय, गवताचे भारे डोक्यार हाडतंय. आणि काय?"

काकी बहिणीवर उखडली. "अगो, एवढो मणको झिजलो तुझो, आणि भारे उचलतस?"

"मग? माका कोणी सांगूकच नाय," बहीण म्हणाली.

डॉक्टरांना हसू आलं. काकी हसली नाही. उठून तिने दोन्ही फोटोंवरून बोट फिरवलं. मग हळूच विचारलं, "मी वाकले तर चालेल?"

"वाका की!"

त्या गणपतीला मी मुद्दाम तिच्या गावी गेलो. गौरीपुढे दोघी बहिणींनी फुगडी घातली. काकी धापा टाकत, हसत जमिनीवर बसली आणि पुन्हा उठली. पुढच्या वर्षीही खेळली. त्यानंतर हृदयविकाराच्या झटक्याने गेली. ते दोन गणपती तिला मिळाले याचं बरं वाटतं. आधीचे तीन मात्र गेले ते गेलेच.