संपातली नर्स

माझे यजमान डॉक्टर. अमेरिकेत येण्याआधी, आणि आमचं लग्न होण्याआधी, ते काही वर्षं उत्तर इंग्लंडमधल्या एका इस्पितळात नोकरीला होते. त्या दिवसांबद्दल ते कधी फारसं बोलले नाहीत आणि मीही खोदून विचारलं नाही. इथे अमेरिकेत, शॉमबर्गमध्ये, घर, नोकरी आणि मुलगी सांभाळताना इंग्लंड कुणाला आठवतंय? आता मात्र त्यांचं विसरणं वाढलंय. सकाळची गोळी घेतली की नाही ते आठवत नाही, आणि नेमकं इंग्लंड लख्ख आठवतं.

निमित्त झालं टीव्हीचं. बाबांना विरंगुळा म्हणून मुलीने सांता क्लाराहून ब्रिटिश कार्यक्रमांचं सबस्क्रिप्शन घेऊन दिलं. सगळं खऱ्या माणसांवरचं, खऱ्या घटनांवरचं. माहितीपट म्हणावा तर मधेच नट येतात, नाटक म्हणावं तर मधेच जुन्या बातम्या दिसतात. सुरुवातीला पाटी असते, सत्य घटनांवर आधारित, काही पात्रं काल्पनिक. आता त्यातली कुठली काल्पनिक, हे सांगायला त्यांचं काय जातं?

त्यातली एक मालिका खाणकामगारांच्या संपावर होती. कोळसा संपतो, वीज जाते, इस्पितळात मेणबत्त्या लागतात. हे अगदी पुढे सरकून बघत होते. दुसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाले, "अगं, मी टाके घालायचो तेव्हा ती अंधारात टॉर्च धरायची. लग्न करू या म्हणाली होती."

"कोण?"

"नर्स," ते म्हणाले आणि बिस्किट बुडवायला लागले.

सत्तरी उलटलेल्या बाईला मत्सर शोभत नाही म्हणे. मला झाला. दुपारी हे झोपल्यावर मी ती मालिका पहिल्यापासून लावली आणि चष्मा पुसून पुसून बघितली. तिसऱ्या भागात ती सापडली. तोच अंधार, तोच टॉर्च, तेच टाके. लग्नाचं विचारते तेही एका गोऱ्या डॉक्टरला! मला इतकं हायसं वाटलं की मी संध्याकाळी शिरा केला.

"अहो, ती नर्स मालिकेतली आहे," मी सांगितलं. "तुमची नव्हे."

"हो का?" ते म्हणाले. "बरं."

मुलगी फोनवर वैतागली. "आई, प्लीज, डोन्ट करेक्ट हिम. बाबा हॅपी आहेत ना? मग लेट इट गो, यार."

सोडून कसं देणार? खरं ते खरं, खोटं ते खोटं. त्यानंतर ते काहीही सांगायला लागले की मी तिथल्या तिथे निवाडा करायची. एकदा म्हणाले, खोलीतल्या हीटरमध्ये नाणं टाकलं तरच ऊब यायची. मी म्हटलं, हेही टीव्हीतलंच. मी स्वतः पाहिलं होतं ना! पण मुलगी म्हणाली, "नो, आई. ही स्टोरी बाबा मी लहान असताना सांगायचे."

झालं. म्हणजे हीटर टीव्हीतलाही आणि ह्यांचाही? मग नर्सचं काय? तशी एखादी खरंच असेल तर? टॉर्च धरणारी नर्स त्या देशात काय एकच होती? ठरवायचं तरी कशावरून? माझं डोकं भणभणायला लागलं, आणि ह्यांना मात्र विचारायची हिंमत होईना.

परवा मी कोथिंबीर निवडत होते. टीव्ही बंद होता. हे आपणहून बोलायला लागले.

"एक मुलगी विमानातून उतरते. पायात चपला, बाहेर बर्फ. नवरा तिच्यासाठी सेलमधून बूट घेऊन आलेला असतो. बघतात तर दोन्ही डाव्या पायाचे. तरी ती तेच घालते आणि हसत हसत गाडीपर्यंत चालत जाते." ते थांबले. मग जरा चाचरत त्यांनी विचारलं, "टीव्हीतलंच ना गं हे?"

मी कोथिंबीर बाजूला ठेवली.

"नाही हो," मी म्हटलं. "ती मी. आपलं आहे ते."

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. मग माझ्या हातावर हात ठेवून, समजूत घालावी तशा आवाजात म्हणाले, "असू दे. इतकं बघितल्यावर कुणालाही तसं वाटायला लागतं."