उतारावरचे दगड

ती घटना आठवली की आजही मन हळवं होतं. मी तेव्हा कल्याणला फौजदार होतो. टिटवाळ्याकडून रेल्वेच्या मालधक्क्यावर भाताच्या बैलगाड्या येत. वाटेत एका उताराच्या तळाशी कोणीतरी रस्त्यात दगड मांडू लागलं. एक गाडी कलंडली, बैलाचा पाय मुरगळला आणि गाडीवानाने फिर्याद दिली. गाड्या अडवून लुटायचा डाव असणार, असं आम्ही धरून चाललो.

खबर दिली ती बाजारात भाजी विकणाऱ्या एका बाईने. "लुटारू कसले, सायेब? आमच्या गावचा म्हातारा हाय. टोपल्या इणतो. गरीब गाय हाय तो!"

म्हाताऱ्याला दुपारी चौकीवर आणलं. दगड आपणच ठेवले, हे त्याने लगेच कबूल केलं. का ठेवले म्हटलं की तोंडाला कुलूप. जमादाराने दरडावून पाहिलं, मी गोडीगुलाबीने घेतलं. काही उपयोग नाही. चौकीवर आणलेला गुन्हेगार दाराकडे बघतो, हा माझा अनुभव. हा मात्र सारखा उतरतं ऊन बघत होता. शेवटी त्याने हात जोडले.

"मना आता सोडा, सायेब. मी परत येतो. तिची पाण्याला जायाची येळ झाली."

"कोणाची?"

"बायकोची. तिला ऐकू येत नाय. इहीर रस्त्याच्या पल्याड हाय. बैलांच्या घंटा तिला कशा कळणार? रोज मी संगं जातो. बाजाराच्या दिवशी मी नसतो, मंग दगड ठेवतो. गाड्या हळू येतान."

त्याला, जमादाराला आणि चौकीत बसलेल्या फिर्यादी गाडीवानाला टांग्यात घालून मी थेट तो उतार गाठला. म्हातारी घागर घेऊन निघालीच होती. ती रस्ता ओलांडते तिथे मी स्वतः उभा राहिलो. वळणावर बांबूचं दाट बेट होतं. त्याआडून गाडी दिसेपर्यंत ती अंगावर आलेली असे, आणि भरलेली गाडी उतारावर जागच्या जागी थांबत नाही.

गाडीवान ओशाळला. "आम्ही घंटेच्या भरवशावर असतो, साहेब. माणूस आपणहून बाजूला होतं."

"बेट कोणाचं?"

"माजंच," म्हातारा म्हणाला.

त्याच बांबूवर त्याचं पोट होतं. रस्त्याकडचं बेट तोडावं लागेल, हे सांगताना माझीच जीभ अडखळली. तो घरातून कोयता घेऊन आला. म्हातारीने त्याचा हात धरला, तो त्याने हळूच सोडवला. गाडीवानही मदतीला वाकला. बेट तुटलं तसा वरपर्यंतचा रस्ता मोकळा झाला. लांबवर एक गाडी येताना म्हातारीला दिसली. ती रस्त्याकडेला थांबली. तिला बघून त्या गाडीवानानेही बैल आवरले.

फिर्याद त्याच संध्याकाळी मागे घेतली गेली. पुढे नोकरीत कुठलाही अपघात झाला, की पायी चालणाऱ्याच्या जागी उभं राहून रस्ता बघायचा आणि मगच जबान्या घ्यायच्या, ही सवय मला त्या जागेने लावली.

काही महिन्यांनी तिकडून जाताना ती दोघं विहिरीवर दिसली.

"आता गाड्या दिसतात की तिला. मग तू कशाला येतोस, बाबा?" मी विचारलं.

म्हातारा लाजला. "मी कुठं येतो, सायेब? आता तीच मना हात धरून आणते."