रूथताई आढाव आणि एका तक्रारीची पोच

रूथताई आढाव यांना मी प्रथम पाहिले ते पाठमोऱ्या. दिल्लीच्या मराठी मंडळाच्या वाचनालयात, हिवाळ्यातल्या एका रविवारी, त्या खिडकीपाशी उभ्या राहून एका पुस्तकाच्या सुट्या पानांना डिंक लावत होत्या. बाहेर धुके इतके होते की खिडकीपलीकडे शहर आहे यावर विश्वास बसू नये. मी लातूर जिल्ह्यातून स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी आलेला. माझी पावले हीटरपाशी थबकलेली त्यांनी ऐकली असावीत. न वळताच त्यांनी विचारले, "पुस्तक हवंय की ऊब?"

"आधी ऊब," मी म्हणालो. त्या हसल्या. कितीतरी दिवसांनी कुणीतरी माझ्याशी मराठीत हसले होते.

ताई मूळच्या अहमदनगरच्या ख्रिस्ती कुटुंबातील. विसाव्या वर्षी लघुलेखिका म्हणून दिल्लीला आल्या आणि एका मंत्रालयात त्यांनी सारी नोकरी केली. उत्तर दिल्लीत, हिंदूरावच्या टेकडीच्या उतारावर त्यांची दोन खोल्यांची भाड्याची जागा होती. तिथे रविवारी दुपारी कुणी ना कुणी कागद घेऊन बसलेले असे. एका निवृत्त शिपायाचे निवृत्तिवेतन त्याच्या नावातल्या एका वेलांटीपायी अडले होते. ताईंनी चार ओळींचा अर्ज लिहिला आणि ते सुटले. त्यांच्या अर्जात विशेषण सापडणे कठीण. मला हे त्यांच्याकडूनच शिकावे लागले, आणि तो प्रसंग आज प्रथमच जाहीरपणे सांगतो आहे.

नव्वदचे दशक उतरणीला लागले होते. रोज नवी वस्तू बाजारात येत होती आणि तिच्या माहितीपत्रकांचे मराठी तपासायला नोएडातल्या एका जाहिरात कचेरीत मी सकाळी जात असे. अर्धवट बांधलेल्या इमारती धुक्यात अशा दिसत, जणू पाण्यात पाय सोडून बसल्या आहेत. त्या वाटेने चालताना मला अजून न घडलेल्या गावातून आपण जातो आहोत असे वाटे. एका सकाळी त्याच धुक्यातून एका पोलीस चौकीचा जमादार पुढे आला.

"नाम?"

"इरफान तांबोळी."

"कहाँ का?"

"महाराष्ट्र. लातूर."

"झूठ. बांग्लादेशी है तू."

मी ओळखपत्र काढेपर्यंत डाव्या कानावर थप्पड बसली. दुपारपर्यंत मला चौकीत बसवून ठेवले. सोडताना एका कोऱ्या कागदावर माझी सही घेतली. बाहेर आलो तेव्हा कोवळे ऊन पडले होते आणि कानात एक बारीक शीळ वाजत होती. घडले ते खरे की झोपेतले, हेच मला कळेना.

मी कुणाला सांगितले नाही. परीक्षा उत्तीर्ण झालो तर पोलीस पडताळणी होणार, आणि त्या कोऱ्या कागदावर तोवर काहीही लिहिले जाऊ शकते, एवढाच विचार डोक्यात फिरत होता. पुढच्या रविवारी वाचनालयात ताई माझ्याकडे पाहत राहिल्या.

"डाव्या बाजूनं बोललं की तू मान वळवतोस. काय झालं?"

मी सांगितले. त्यांनी मधे एकदाही "अरेरे" म्हटले नाही. "आधी कान, मग कागद," एवढेच म्हणाल्या आणि मला दवाखान्यात घेऊन गेल्या. कानाचा पडदा फाटल्याची नोंद डॉक्टरांनी लिहून दिली.

दुपारी त्यांच्या गच्चीवर आम्ही बसलो. टेकडीवरच्या झाडांतून धुके हळूहळू विरत होते. संत्र्याच्या साली उन्हात पडल्या होत्या. ताईंनी टाइपरायटर मांडीवरच्या पाटावर घेतला. अर्ज हिंदीत करायचा होता; कागद त्यांनी स्वतः चढवला. मी "अमानुष", "निर्दय" असे सांगू लागलो तेव्हा त्या थांबल्या.

"हे शब्द वाचणाऱ्याला सुचू देत. तू वेळ सांग. कोणता हात, ते सांग. कागद कोरा होता ते सांग."

सगळे टाइप झाल्यावर माझा धीर सुटला. "ताई, नको. माझी पडताळणी, घरचे..."

त्यांनी हात कळांवरून उचलले. "तू घाबरतोस यात चूक काही नाही. अर्ज तुझा आहे. हा कागद आत्ता फाडू आणि चहा घेऊ. पण तो दुसरा कागद आपल्याला फाडता येणार नाही, एवढं लक्षात घे."

मी उन्हातल्या संत्र्याच्या साली गोळा केल्या. मग सही केली.

प्रत्यक्ष पाहणारी साक्षीदार एकच होती. चौकीसमोर कपडे इस्त्री करणारी रामकली. तिने मला आत नेताना पाहिले होते. ताई तिच्या लाकडी टपरीशेजारी विटेवर बसल्या. रामकली खाली मान घालून म्हणाली, "बीबीजी, मुझे तो यहीं रहना है."

"मुझे भी," ताई म्हणाल्या. "अगले महीने से."

तेव्हा मला कळले की आयुष्यभराच्या बचतीतून ताईंनी घेतलेला फ्लॅट त्या चौकीपासून दोनच गल्ल्यांवर होता. माझ्या जखमेच्या साक्षीदार म्हणून त्यांनी अर्जाखाली स्वतःचा नवा पत्ता घातला होता. रामकलीने इस्त्री बाजूला ठेवली, त्यांच्याकडे पाहिले आणि अंगठा पुढे केला.

वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांच्या कार्यालयात कारकून म्हणाला, "रख जाइए, देख लेंगे."

"मुहर लग जाए तो चली जाऊँगी," ताई म्हणाल्या आणि बाकावर बसल्या. आवाज चढवला नाही, कुणाची ओळख सांगितली नाही. दोन तास त्या शेंगदाणे सोलत राहिल्या, चार मला देत, दोन स्वतः खात. शेवटी कारकुनानेच त्यांना हाक मारली. आमच्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख उमटली.

चौकशी काही महिन्यांनी झाली. अर्जात कोऱ्या सहीचा उल्लेख असल्याने तो कागद हजर करावा लागला. तो अजून कोराच होता, तळाशी माझी सही. चौकशी अधिकाऱ्याने त्यावर दोन तिरक्या रेघा ओढून "रद्द" लिहिले. जमादाराची बदली झाली, त्याहून अधिक काही नाही. बाहेर आल्यावर मी विचारले, "ताई, हा न्याय झाला का?"

"थोडा," त्या म्हणाल्या. "चल, जेवायला उशीर होतोय."

पुढे मी केंद्र सरकारच्या सेवेत लागलो. पडताळणीचा अहवाल निर्मळ आला. डाव्या कानाने आजही थोडे कमीच ऐकू येते.

ताई नोएडात राहायला गेल्यानंतरची एक गोष्ट मला फार प्रिय आहे. एका संध्याकाळी त्याच चौकीतला एक तरुण शिपाई साध्या कपड्यांत त्यांच्या दाराशी आला. आई आजारी असूनही रजा मिळत नव्हती. तो अवघडून उभा होता. ताईंनी त्याला आत घेतले, पाणी दिले आणि त्याचाही अर्ज तितक्याच निगुतीने लिहून दिला. मी नंतर कुरकुरलो तेव्हा त्या म्हणाल्या, "इरफान, आई त्यालाही आहे ना?"

आज ताई पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. या गौरवग्रंथाची कल्पना सांगितली तेव्हा त्यांनी एकच सूचना केली, की प्रत्येकाने थोडक्यात लिहावे आणि खरे लिहावे. पहिली सूचना माझ्याकडून पाळली गेली नाही. दुसरी पाळली आहे.

ताई, आपणांस निरोगी, निवांत आणि दीर्घ आयुष्य लाभो. आणि वाटेत कधी कुणाचा हात धरावा लागलाच, तर आम्ही एवढे जण आहोत की कुणाचा धरावा, एवढाच प्रश्न आपल्याला पडो.