मंगलीबाईचा वाळा

ऊर्जानगर वसाहतीतल्या सपाट क्वार्टरमध्ये चौतीस वर्षं काढली की माणसाला उंचीची हाव सुटते. मला सुटली. निवृत्त झालो आणि मूल गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला टेकाडावर घर बांधलं. मागच्या दारी बागेला जागा होती, पण उतार असा की हातातून लिंबू सुटलं तर थेट नाल्याकाठी. तिथे मंगलीबाईची भाजीवाडी.

मंगलीबाई एटापल्लीकडच्या जंगलातल्या गावची. लग्न होऊन इकडे आली तेव्हा आईनं पदराला काकडीचं बी बांधून दिलं होतं. नवरा गेला, मुलगी सासरी गेली, पण ते बी चाळीस वर्षं दरसाल वाडीत उगवत राहिलं. दर पावसाळ्यात एक काकडी ती बियांसाठी वेलावरच पिकू द्यायची आणि कुणी तोडू नये म्हणून देठाला लुगड्याची लाल चिंधी बांधायची.

पहिल्या वर्षी मी नागपूरहून तयार लॉन आणून उतारावर अंथरली. आषाढात ती गुंडाळी होऊन खाली गेली. मंगलीबाई वर आली.

"भाऊ, तुमची सतरंजी माह्या वांग्यावर येऊन झोपली."

मी तिला मुरमाची धूप या विषयावर व्याख्यान दिलं. तिनं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी नाल्यातून वाळ्याचे ठोंब घेऊन आली. वाळा म्हणजे आमच्या कूलरची खस. मी दोरी लावून वरून खाली सरळ रेघा आखून ठेवल्या होत्या. तिनं दोरी गुंडाळून माझ्या हातात दिली आणि ठोंब आडवे, वीतवीत अंतरानं लावत गेली.

"पानी उभं धावते भाऊ, त्याले आडवं अडवा लागते. मधात तरोट्याचं तन आपोआप येईन, ते उपटू नोका. एक वर्स पानी टाका, मंग इसरून जा."

नेमकं विसरून जाणं मला जमत नाही. "अजी, तुमाले रिकामं बसता येत नाई," असं माझी बायको कांता लग्नापासून सांगते आहे. तरी दोन वर्षं मी हात आवरला. उतार जागचा हलला नाही. आल्यागेल्याला मी सांगायचो, "आम्ही लावला."

तिसऱ्या वर्षी मे महिन्यात पारा सत्तेचाळीसवर गेला. बाजारात खस म्हणून मिळत होता तो लाकडाचा भुसा. आणि माझ्या मागच्या दारी अस्सल माल जमिनीत नुसता पडून! मधल्या दोन ओळी खणल्या, मुळ्या कापून कूलरच्या जाळीत भरल्या आणि वरचे झुपके खड्ड्यात परत खोचून दिले. एवढी अक्कल मला नोकरीत कधी सुचली नव्हती.

मंगलीबाईला मुद्दाम बोलावून कूलरसमोर बसवलं. तिनं एक श्वास घेतला आणि चहाचा कप खाली ठेवला.

"कुठची खस हाये भाऊ?"

"घरची," मी छाती फुगवून सांगितलं.

ती उठून मागच्या दारी गेली, खाली पाहिलं. "मुळ्याच काढल्या. आता माती धरनार कोन?" चहा तसाच राहिला.

खोचलेले झुपके उन्हात वाळले. पोळ्याच्या आठवड्यात तीन दिवस पावसाची झड लागली आणि त्या दोन ओळींच्या जागेतूनच उतार फुटला. सकाळी पाहतो तर निम्म्या वाडीवर माझा मुरूम, आणि चिंधीची काकडी त्याच्याखाली. मंगलीबाई बांधावर उभी होती. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी फावडं घेऊन उतरलो.

"फावडं नोको भाऊ. काकडी कापली जाईन."

मग जन्मभर फायली उचललेल्या हातांनी चिखल उपसत बसलो. लाज वाटत होती, त्याहून जास्त भीती. तिच्या आईचं बी माझ्या गार हवेपायी संपणार होतं. दुपारी लाल चिंधी हाताला लागली. काकडी एका अंगानं फुटली होती, पण पिकलेली होती. मूठभर बी निघालं.

आठवड्यानं ती वर आली ती स्वतःच्या बांधावरचे वाळ्याचे ठोंब आणि राखेत घोळलेल्या बियांच्या दोन पुड्या घेऊन. एक पुडी तिनं कांताच्या हातात दिली.

"वयनी, एका जागी ठेवाचं आता भेव लागते. हे तुमच्यापाशी राहू द्या. पन कुठी ठेवलं ते भाऊले सांगू नोका."

मी शेजारीच उभा होतो. "बरोबर आहे," म्हणालो आणि ठोंब उचलून आडवी ओळ लावायला उतारावर गेलो.