एका मजल्याचं विरजण

नाशिकरोडहून विहितगावच्या पुढे जी नवी वस्ती उभी राहिली, तिच्यातले निम्मे सौदे थर्मलवाल्या काकांनी मोडलेत आणि उरलेले निम्मे जमवलेत, हे मी छातीठोकपणे सांगतो. या कामासाठी त्यांनी कुणाचा चहासुद्धा घेतलेला नाही, कारण चहा त्यांचा स्वतःचा असतो, खांद्याला अडकवलेल्या थर्मासात. एजंट लोक त्यांना लांबून बघून गाडी वळवतात. बिल्डरची माणसं तोंडावर 'या साहेब' म्हणतात आणि पाठ फिरली की कपाळावर हात मारून घेतात. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात सगळी नोकरी बॉयलरजवळ गेली म्हणून ते थर्मलवाले, आणि बॉयलरजवळ गेली म्हणूनच ते असे बोलतात, जणू समोरचा माणूस शंभर फुटांवर उभा आहे आणि मधे यंत्र सुरू आहे. मूळचे सायखेड्याचे, त्यामुळे 'लय' आणि 'नाय' हे दोघे त्यांच्या तोंडात कायमचे वस्तीला. मुळात घर घेऊन देणं हा त्यांचा धंदा नाही. तो त्यांचा नाद आहे.

माझी त्यांची ओळख एका खिडकीच्या ग्रिलवरून झाली. मी गोंदियाकडचा, आठवीत शाळा सुटली ती सुटलीच, आणि वेल्डिंगचं काम शिकत शिकत इतक्या लांब येऊन पडलो. आमच्या वर्कशॉपमध्ये काका ग्रिल करून घ्यायला आले आणि पूर्ण होईपर्यंत तीन तास माझ्या डोक्यावर उभे राहिले. शेवटचा टाका मारून मी चष्मा वर केला, तर म्हणाले, "काम चोख हाय. दुसऱ्याच्या खिडक्या बनवतो, तुझी खिडकी कुठंय?" मी सांगितलं की भाड्याच्या खोलीत राहतो, आणि त्या खोलीला खिडकी नाही. ते गेले, आणि पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता आमच्या दारात हजर. "चल गोंदिया, घर बघू." त्या दिवसापासून माझं नाव गोंदिया पडलं ते आजतागायत.

काकांची घर बघायची पद्धत जगात दुसऱ्या कुणाची नसेल. ते आधी गच्चीवर जातात. तिथे वाळत घातलेले कपडे, पापड, मिरच्या बघतात आणि दोऱ्या किती हे मोजतात. एकेका घराची वेगळी दोरी आणि तिला कुलूप लावायचंच काय ते बाकी, अशी गच्ची दिसली की तिथूनच परत फिरतात, खाली फ्लॅट सोन्याचा असला तरी. मग जिन्यात बसून कुकरच्या शिट्ट्या ऐकतात. "चवथ्या शिट्टीला बी कुणी उठलं नाय, म्हंजे आत भांडण चालूय," असं सगळ्या जिन्याला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात मला सांगतात. एकदा तर आतल्या बाईने दार उघडून "भांडण नाही, मी अंघोळीला होते" असा खुलासा केला होता.

फरशीचा उतार बघायला त्यांच्या खिशात एक लिंबू असतं. ते हॉलच्या मधोमध ठेवायचं आणि कुठे जातं ते बघायचं. एका नव्या इमारतीत ते लिंबू हॉलमधून निघालं, बाल्कनीत गेलं आणि जाळीच्या फटीतून खाली उभ्या असलेल्या बिल्डरच्या माणसाच्या पायाशी पडलं. त्याने वर बघितलं. वर काका गंभीर चेहऱ्याने त्याच्याकडे टक लावून उभे. तो माणूस चप्पल तिथेच सोडून पळाला, आणि दुसऱ्या दिवशी त्या इमारतीच्या दारावर काळी बाहुली टांगलेली होती. काकांना याचं काही वाटलं नाही. "करणी मी नाय केली, गवंड्यानं केलीय. उतार तर बघ," एवढंच म्हणाले.

पण त्यांची शेवटची आणि खरी परीक्षा विरजणाची. फ्लॅट पसंत पडला की ते रिकामी वाटी घेऊन मजल्यावरची सगळी दारं वाजवतात. "दही लावायचंय, विरजण संपलं, चमचाभर मिळंल का?" मी एकदा विचारलं, विरजणच का, साखर का नाही? तर म्हणाले, "साखर कुणीबी देतंय, डबा वट्यावरच असतो. विरजणाला घरात दही लागतं, फ्रिज उघडावा लागतो, चमचा शोधावा लागतो. तेवढ्या वेळात माणूस कळतो." यातली गंमत म्हणजे काका दही खात नाहीत. त्यांना खोकला होतो. गोळा केलेलं सगळं विरजण जाता जाता कुणा वॉचमनच्या डब्यात जातं.

असे आम्ही इतके फ्लॅट बघितले की माझी बायको म्हणायला लागली, "काकाजींले एकही घर पसंत पडत नाही, मग आपण गोंदियालेच जाऊ ना जी." त्यात घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं आणि महिनाअखेर खोली सोडा म्हणून निरोप आला. मला भीती वाटायला तसंही कारण लागत नाही. बँकेतून फोन आला तरी मी उभा राहून बोलतो. आणि नेमका तेव्हाच तिसऱ्या मजल्यावरचा तो फ्लॅट मिळाला. गच्चीवर एकच लांब दोरी, लिंबू जागचं हललं नाही, आणि खिडकी पूर्वेला. विकणारा बदली होऊन चालला होता. शनिवारी अकरापर्यंत होकार द्या, दुसरी पार्टी तयार आहे, असं त्याने सांगितलं.

त्या मजल्यावर आणखी तीन दारं. देवळालीची छावणी, नोटांची प्रेस, रेल्वे, दवाखाने हे सगळं जवळ असल्यामुळे या भागात कुठलाही जिना चढा, तीन मजल्यांत तीन भाषा ऐकू येतात. पहिल्या दारात रिटायर्ड फौजी आणि त्यांची पंजाबी बायको. आंटींनी वाटी तर भरून दिलीच, शिवाय आम्हाला बसवून पराठे खायला लावले आणि "विरजण घ्यायला दोन माणसं लागतात का?" असं हसून विचारलं. दुसऱ्या दारात मालेगावच्या भाभी, शिलाई मशीनवर बसलेल्या. त्यांनी विरजण देता देता काकांचा सदरा फाटलेला बघितला, "निकालो, दो मिनट का काम है," म्हणाल्या, आणि थर्मलवाले काका बनियनवर, हातात वाटी घेऊन, लहान मुलासारखे उभे राहिले.

तिसरं दार केरळच्या एका सिस्टरचं, आणि ते काही उघडेना. सिस्टरांची रात्रपाळी, त्यामुळे दिवसभर झोप. संध्याकाळी त्या जागत्या असायच्या, पण काकांचा नियम पक्का, दिवेलागणीनंतर विरजण मागायचं नाही. "तिन्हीसांजेला घरातलं दही बाहेर देत नायत. मागितलं तर समोरच्याला नाय म्हणायला निमित्त होतं. ती परीक्षा खोटी." सोमवार गेला, मंगळवार गेला, बुधवार गेला. मी म्हटलं, काका, दोन दारं पास झाली, तिसऱ्याचं काय एवढं? तर म्हणाले, "दारं तीन हायत. दोन मोजून घर घेतो व्हय?"

शुक्रवारी मला राहवलं नाही. डेअरीतून दह्याचा कप आणला, घरी येऊन चमचाभर वाटीत काढलं आणि काकांपुढे धरलं. "सिस्टरनी दिलं. खूप चांगल्या आहेत." काकांनी वाटी हलवली, उजेडात धरली. "हे दुकानातलं. घरच्या दह्याला असं गुळगुळीत तोंड नसतं." माझी मान खाली. आता हे बॉयलरच्या आवाजात ओरडणार म्हणून मी वाट बघत होतो. ते थर्मासमधला चहा झाकणात ओतून माझ्यापुढे करत एवढंच म्हणाले, "मी बी एकदा घाईच केली. सागाचं दार बघून बंगला घेतला. चांगली कॉलनी, उंच कंपाउंड. तुझी काकी आजारी पडली तेव्हा मी तिथल्या दारांवर थापा मारीत फिरलो. माणसं वाईट नव्हती रे. पण मला कुणाचं नाव माहीत नव्हतं, त्यांना माझं नव्हतं." मग झाकण पुसून त्यांनी विषय बदलला. त्या बंगल्यात ते एकटे का राहतात, हे मी तोवर कधी विचारलंच नव्हतं.

शनिवारी सकाळी आठला, सिस्टरांची परतायची वेळ वॉचमनकडून काढून, आम्ही दोघं तिसऱ्या मजल्याच्या पायऱ्यांवर बसलो. साडेआठला सिस्टर ड्यूटीवरून आल्या, दमलेल्या, हातात डबा. काकांना बघून म्हणाल्या, "काका, वॉचमन सांगतो तुम्ही रोज इथे बसता. चक्कर येते का? बीपी बघू का?" काका उठून उभे राहिले आणि वाटी पुढे केली. "बीपी नको. विरजण पायजे, चमचाभर."

सिस्टर हसल्या. "विरजण माझ्याकडे कुठलं? रात्री मी घरात नसते. माझं दूध भाभीच लावते." असं म्हणून त्यांनी शेजारचं दार वाजवलंच. भाभी बाहेर आल्या. "मेरे पास तो है, पर वो आंटीजी का है. परसों मेरा सब खट्टा हो गया था." एवढ्यात पहिलं दार उघडलं आणि हाताला पीठ लागलेल्या आंटी बाहेर. "माझं कुठे? मी दोन महिने गावाला गेली होती. आले तर सिस्टरने ताजं लावून ठेवलं होतं. ते सिस्टरचं आहे!" आणि मग ते दही मुळात कुणाचं, यावर तिघी तीन भाषांत भांडू लागल्या. प्रत्येकीचं म्हणणं एकच, की ते माझं नाही, तिचं आहे.

काका मधोमध उभे, हातात रिकामी वाटी. मग ते माझ्याकडे वळले आणि मला जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात म्हणाले, "सही कर गोंदिया. ह्या मजल्यावर एकच दही हाय."

पावणेअकराला मी होकार कळवला. कागद आले तेव्हा काकांनी ते आंटींच्या हॉलमध्ये बसून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचून दाखवले, आणि अडेल तिथे मला समजावलं. खालच्या मजल्यावरून दोन माणसं विचारायला आली की कुणी भाषण करतंय का. वास्तूच्या दिवशी माझ्या बायकोने पहिलं दूध तापवलं आणि सिस्टर, भाभी, आंटी तिघींनी चमचा चमचा विरजण आणून घातलं. इतकं विरजण पडल्यावर ते दही आंबट होणारच होतं. सगळ्यांनी डोळे बारीक करून खाल्लं. काकासुद्धा एक चमचा चाटून अर्धा तास खोकले.

आता आमची मुलगी भाभींकडे पोलक्यांच्या उरलेल्या चिंध्यांनी खेळते, सिस्टरना त्यांच्या भाषेत चेची, म्हणजे ताई, म्हणते आणि फौजी अंकलना सॅल्यूट ठोकते. मी खिडकीला ग्रिल स्वतः केलं. काकांनी ते बघून एक टाका वाकडा असल्याचं सांगितलं, तो खरंच वाकडा होता.

नवीन घरं बघणं त्यांचं हल्ली कमी झालंय. गुडघे दुखतात, गच्ची चढवत नाही. पण दर गुरुवारी सकाळी, दिवेलागणीच्या खूप आधी, तीन मजले थांबत थांबत चढून ते येतात. आमची बेल ते कधी वाजवत नाहीत, नुसते खाकरतात. ते खाकरणं म्हणजे चारही दारांना ऐकू जातं, आणि चारही उघडतात. काका वाटी पुढे करतात. "विरजण संपलं. चमचाभर मिळंल का?"

बायको फ्रिज उघडते, चमचा शोधते. चमचा समोरच असतो, पण ती मुद्दाम जरा वेळ लावते.